बाकीचे प्रोग्राम बंद करा

आमच्या श्रेयाला बालवक्तृत्व स्पर्धेत भाग घ्यायचा, तर तिच्या भाषणाचा व्हिडिओ सायंकाळी पाचपर्यंत पंचायत समितीच्या कार्यालयात पोहोचणे बंधनकारक होते. परिपत्रकानुसार मोबाईलवर पाठवलेला चालणार नव्हता. सीडीच हवी, दोन प्रतींत. विषय : ‘माझे वेगवान गाव’. भाषण तीन मिनिटांचे. त्याची एक सीडी बर्न करायला घरच्या कॉम्प्युटरने पाच तास मागितले.

मी घाबरून नारायणगावच्या नवनाथभाऊंना फोन लावला. कॉम्प्युटर तेच दुरुस्त करतात.

“वहिनी, टेन्शन नका घेऊ. बाकीचे समदे प्रोग्राम बंद करा. स्पीड येतंय.”

फोन स्पीकरवर होता. माझे सासरे हौशीराममामा ओटीवरून उठले आणि त्यांनी टोपी घातली.

“मामा, प्रोग्राम म्हणजे कॉम्प्युटरमधले...”

“सूनबाई, पोरीचा प्रश्न हाय. शंका नगं.”

प्रथम सासूबाईंचे भजन बंद झाले. “आवं, देवाचा पण प्रोग्राम?” त्या टाळ धरून म्हणाल्या.

“देवाला उद्या टाइम हाय. सीडीला न्हाई.”

मग शेजारच्या प्रतीक्षाचे डोहाळजेवण. बिचारी हिरवी साडी नेसून झोपाळ्यावर बसली होती, तिला उतरवले. नेमके तेव्हाच सीडी नऊ टक्क्यांवरून चौदावर गेली. योगायोग असेल. पण मीही आई आहे.

मामांचा हुरूप वाढला. त्यांनी आसपासच्या गावांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मेसेज टाकला : ‘तातडीचे. सीडी पूर्ण होईपर्यंत सर्व प्रोग्राम बंद. आदेशावरून.’ कोणाच्या आदेशावरून, हे कोणीच विचारले नाही. डिंगोऱ्यात उद्घाटनाची कात्री फितीपाशी थांबली. अवसरी बुद्रुकला वाढदिवसाचा केक अर्धा कापून झाकून ठेवला.

साडेचारला एक सीडी निघाली. श्रेयाला गाडीवर मागे बसवून मी पाचला दहा कमी असताना कार्यालयात पोहोचले.

“स्पर्धा स्थगित,” तिथले लिपिक सावळेराम भाऊसाहेब म्हणाले. “वरून आदेश हाय.” त्यांनी मोबाईल दाखवला. मामांचाच मेसेज होता.

“आई, माझा पण प्रोग्राम बंद?” श्रेयाने विचारले.

“भाऊसाहेब, हे माझ्या सासऱ्यांनी लिहिलंय!”

“आसंल. मागं घेतलंय का त्यांनी?”

“पण त्यात ‘सीडी पूर्ण होईपर्यंत’ असं आहे. ही बघा सीडी.”

त्यांनी परिपत्रक काढले, बोट फिरवले. “दोन प्रती हायेत ताई. एकीवर पूर्ण कसं म्हणायचं? दुसरी आणा, लगीच स्पर्धा घेतो. आमाला काय हौस हाय का?”

आज तिसरा दिवस. दुसरी सीडी अकरा टक्क्यांवर अडली आहे. श्रेया रोज भाषण म्हणून बघते, पहिला परिच्छेद विसरायला लागली आहे. भजन बंद, टीव्ही बंद; प्रतीक्षा तर झोपाळ्याकडे बघतही नाही. नवनाथभाऊ खात्रीने सांगतात, “वहिनी, कुठंतरी एक प्रोग्राम अजून चालूच हाय.”

आमच्याकडचे सगळे मी स्वतः तपासलेत. राहता राहिलात तुम्ही. गेली दोन मिनिटे काय चाललंय तुमचं?