साळवे मॅडमची घाई

साळवे मॅडम चर्चमध्ये प्रार्थना संपायच्या आधीच 'आमेन' म्हणतात. पाळकसाहेब आजाऱ्यांसाठी मागायला लागतात, तोवर यांनी चपला घातलेल्या असतात. हे त्यांनीच मला सांगितलं आणि वर म्हणाल्या, "देवाला कळत न्हाई व्हय? उरका की."

'उरका' हा त्यांचा लाडका शब्द. कुकरची शेवटची शिट्टी त्यांनी कधी ऐकलेली नाही, त्यामुळे डब्यातली डाळ दाताखाली कचकचते. एसटी थांबायच्या आत उतरतात. वाढदिवसाच्या शुभेच्छा आदल्या दिवशीच देऊन टाकतात.

अशा बाईंकडे श्रीरामपूरच्या दवाखान्यात मला समुपदेशनाला पाठवलं. मला म्हणजे, ज्याला स्वतःचं नाव सांगायला इतका वेळ लागतो की समोरचा तोवर घड्याळ बघून घेतो. जन्मताना मेंदूला प्राणवायू कमी पडला. तेव्हापासून माझे हात, पाय आणि जीभ यांचं एकमेकांशी पटत नाही. आमच्या गावात, बेलापुरात, सगळे माझी वाक्यं पुरी करून देतात. मी 'मला' म्हणेपर्यंत आईनं पाणी आणलेलं असतं. तहान नसली तरी पितो, कारण 'नको' म्हणायचं म्हणजे पुन्हा तेवढाच वेळ. चोवीस वर्षांत मी फार पाणी प्यायलोय.

शिवाय मी गावात हसतमुख म्हणून प्रसिद्ध. खरं तर चेहऱ्याचे स्नायू ओढले गेले की हसल्यासारखं दिसतं. लोकांचा गैरसमज मी दूर केला नाही; फुकटचं नाव कोण सोडतं?

पण वर्षभर झोप उडाली होती आणि एक वाक्य आत अडकून बसलं होतं. ते दुसऱ्या कुणाला पुरं करता येण्यासारखं नव्हतं.

पहिल्याच दिवशी मॅडमनी आईला बाहेर बसवलं. "ताई, उत्तरं तुमाला येतात. मला त्याची पायजेत." मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बोल."

आता ही बाई माझ्या तोंडातून शब्द ओढून काढणार, असं मला वाटलं. पण त्या गप्प. मी अडखळलो, लाळ पुसली, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. त्या गप्पच. डुलकी लागली असावी म्हणून वाकून पाहिलं, तर डोळे माझ्यावर. खिडकीसमोरून त्यांची राहुरीची एसटी निघून गेली, तरी त्यांनी मान वळवली नाही.

"मला... जगावंसं... वाटत नाही."

माझं वाक्य माझ्याच तोंडानं संपलं आणि मी ढसाढसा रडलो. या हसतमुख चेहऱ्यानं रडताना कसा दिसलो असेन, देव जाणे.

मॅडमनी सरळ विचारलं, "काय करून घ्यायचं डोक्यात हाय का?" माझं 'नाही' बाहेर पडेपर्यंत त्या थांबल्या. मग मला विचारून आईला आत बोलावलं, डॉक्टरांची गाठ घालून दिली आणि दर मंगळवारी यायला सांगितलं.

जातोय. झोप लागते आता. घरात माझ्या वाट्याचं पाणीही कमी झालंय.

गेल्या मंगळवारी मी उलटा प्रश्न टाकला. "मॅडम, तुम्ही... तुमचं... कुणाला सांगता?"

त्यांनी तोंड उघडलं, पण शब्द आला नाही. तिथं घालायला मला चांगले चारपाच शब्द सुचत होते. मी एकही दिला नाही. बऱ्याच वेळानं त्या म्हणाल्या, "घरी गेलं की टीव्ही लावते रे. बघत न्हाई. घरात कुनीतरी बोलत असावं, म्हनून."

मी मान हलवली. ती माझी तशीही हलतच असते. त्या वेळी मात्र मी ती मुद्दाम हलवली.