चोरीची फांदी

घरात थोडी मोकळी हवा यावी, एवढंच मी ठरवलं होतं.

आई संधिवातासाठी गरम झऱ्यांवर गेली होती. जाताना बजावून गेली, "वुकाशिन, कुंडीतल्या मॉन्स्टेराला जप. आणि समोरासमोरच्या खिडक्या एकदम उघडू नकोस. वारा आरपार गेला की माणूस मरतो, झाडाचं काय घेऊन बसलास!"

आमच्या नीश शहरात आरपार वाऱ्याला लोक वाघापेक्षा जास्त घाबरतात. मी कॅनडात शिकून परतलेला. देशातली अंधश्रद्धा आणि चोरी, दोन्ही मला मुळापासून उपटायच्या होत्या. (चोरीचं काम मोठं, म्हणून सुरुवात अंधश्रद्धेपासून.) भर जानेवारीच्या बर्फात दोन्ही खिडक्या सताड उघडून मी आमच्या 'प्रामाणिक नागरिक मंडळा'च्या बैठकीला गेलो. बैठक लांबली. (सभासद दोनच, मी आणि मिलुतिन, पण मतभेद तीन होते.)

परतलो तर मॉन्स्टेरा शिजलेल्या पालकासारखा लोंबत होता. बाबांनी लग्नाच्या वर्षी आणलेलं झाड! बाबा गेल्यापासून आई सकाळची कॉफी त्याच्यासमोर बसून पिते, बिअरमध्ये भिजवलेल्या बोळ्याने त्याची पानं पुसते आणि माझ्या तक्रारी त्यालाच सांगते. आणि आई रविवारी येणार होती.

खालच्या मजल्यावर रादोयका काकूंकडे अगदी तसंच झाड होतं. मी धावलो.

"काकू, एक फांदी द्याल?"

"मुळीच नाही. दिलेली फांदी जगते का कधी? चोरावी लागते. मी आत कॉफी ठेवते. कात्री तिथेच आहे. मला काही माहीत नाही हं!"

"काकू, मी चोरी करत नाही."

"एवढं शिकून हेही येत नाही?" म्हणत त्या आत गेल्या. बऱ्याच वेळाने बाहेर डोकावल्या. "अजून उभाच? अरे, माझे गुडघे दुखतात! किती वेळ दूर बघत राहू?"

"तुम्ही फक्त 'हो' म्हणा."

"'हो' म्हटलं की मेली! तुझ्या आईने तरी कुठे 'हो' म्हटलं होतं? तिच्याच झाडाची फांदी ही. मी कापत होते तेव्हा ती स्वयंपाकघरात मोठमोठ्याने गात होती. देवमाणूस!"

म्हणजे हे बाबांचंच झाड! काकू पुन्हा आत गेल्या आणि गाऊ लागल्या. मी डोळे मिटले, कात्री चालवली. (काकूंच्या पडद्याची झालरही थोडी कापली गेली.) दारात सवयीने "आभा—" एवढंच तोंडातून निघालं, तोच काकूंनी माझं तोंड दाबलं. "गप! आभार मानून मारतोस का फांदीला?"

रविवारी आईने आधी काळं खोड पाहिलं, मग बरणीतली फांदी.

"मागून आणलीस?"

"चोरून," मी मान खाली घातली.

आईने माझा मुका घेतला. "चला, शिक्षण अगदीच वाया गेलं नाही."

वसंतात फांदी कुंडीत गेली, फोफावली, शेंड्यावर नवी पानं आली. मी मिलुतिनला घरी बोलावून सगळं कबूल केलं आणि मंडळाचा राजीनामा दिला. तो गंभीरपणे ऐकत होता. एवढ्यात माझा फोन वाजला, मी गॅलरीत गेलो. आई तर केव्हाची स्वयंपाकघरात गात होती.

मिलुतिन गेल्यावर पाहतो तो कुंडीतला शेंडा गायब.

"बघ," आई कौतुकाने म्हणाली, "त्या पोराला कात्रीसुद्धा दाखवावी लागली नाही!"