बाईंची दाढ आणि माझं अपडेट

आमच्या घरात यंत्रांचं खातं माझ्याकडे आहे. वॉशिंग मशीन मधेच रुसलं की मला हाक येते, दाराची बेल कुणी नसताना वाजायला लागली की मला हाक येते, आणि मोबाइलमधली अक्षरं एकाएकी मुंगीएवढी झाली की सासूबाई स्वतःच्या डॉक्टर मुलीला सोडून मला फोन करतात. मी पेशानं भूगोलाचा मास्तर. पण यंत्रांच्या बाबतीत माझ्या हाताला गुण आहे. हे मी स्वतःच बऱ्याच जणांना सांगितलेलं असल्यामुळे त्याविषयी दुमत नाही.

बायको दातांची डॉक्टर आहे. आमच्या घराच्या खालीच तिचा दवाखाना. बाहेरच्या खोलीत बाक आणि जुनी मासिकं, आतल्या खोलीत ती मोठी खुर्ची, आणि त्यामागे हात धुवायची आणि डबा खायची एक चिंचोळी जागा. त्या शनिवारी तिच्या मदतनीस ताई रजेवर होत्या आणि माझी शाळा अर्धाच दिवस होती, म्हणून मी मदतीला खाली उतरलो. दवाखान्यात मी तिला ‘डॉक्टर’ म्हणायचं आणि सांगितलेलंच करायचं, या दोन अटींवर मला प्रवेश मिळाला. पहिली मी पाळली.

खुर्चीशेजारी ट्रॉलीवर तिचा लॅपटॉप असतो. त्याला एक वायर आणि वायरीच्या टोकाला नखाएवढी पट्टी. ती पट्टी पेशंटच्या तोंडात धरली की दाताच्या मुळाचा फोटो लॅपटॉपवर दिसतो. हा लॅपटॉप कितीतरी दिवसांपासून कोपऱ्यात एक चौकट दाखवून ‘नवीन अपडेट उपलब्ध आहे’ असं विनवत होता आणि बायको पानावरची माशी हाकलावी तशी ‘नंतर’वर बोट मारत होती.

“डॉक्टर, एकदा करून टाकूया ना,” मी म्हणालो.

“नको. फोटोचं सॉफ्टवेअर फार नाजूक आहे. ते बसवणाऱ्यालाच विचारून करायचं. तुम्ही ती औजारं पुसा.”

ती मागे डबा खायला गेली. मी औजारं पुसली. चौकट माझ्याकडे बघत होती. आता तुम्हीच सांगा, घरात पाहुणा आला आणि दारात उभा राहून रोज ‘येऊ का?’ म्हणाला, तर त्याला किती दिवस ‘नंतर’ म्हणायचं? दुपारी पेशंट नव्हते. दहा-पंधरा मिनिटांचं काम. ती हात धुऊन येईपर्यंत लॅपटॉप ताजातवाना, आणि मी काही न बोलता नुसता हसणार.

मी बोट ठेवलं.

पडदा निळा झाला. मधे ठिपके गोल गोल फिरायला लागले आणि खाली अक्षरं आली: ‘अपडेट सुरू आहे. संगणक बंद करू नका.’ ही अक्षरं मराठीत होती, कारण मागे एकदा मीच हौसेनं त्याची भाषा मराठी करून दिली होती.

आणि बाहेरचं दार वाजलं.

दारात मोठ्या बाई उभ्या होत्या. मोठ्या बाई म्हणजे आमच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. वऱ्हांड्याच्या एका टोकाला त्यांच्या चपलांचा आवाज आला की दुसऱ्या टोकाला मुलंच काय, शिक्षकसुद्धा शर्ट खोचतात. अकरा वर्षं मी त्यांच्या हाताखाली आहे आणि या अकरा वर्षांत त्यांच्याशी झालेलं माझं बहुतेक संभाषण ‘हो, बाई’ या दोन शब्दांत मावेल. त्या दिवशी मात्र त्यांनी गालाला रुमाल धरला होता, डोळे पाण्यानं भरले होते आणि त्या मला एकदम लहान दिसल्या.

“सर, डॉक्टर आहेत का?” त्या जेमतेम म्हणाल्या. “रात्रभर डोळा लागला नाही. मला इथे यायची फार भीती वाटते, म्हणून इतके दिवस टाळलं.”

मोठ्या बाईंना कशाची भीती वाटते, ही माहिती मला नवीन होती. शाळेत सांगितली असती तर कुणी विश्वास ठेवला नसता. मी त्यांना हात धरून आत नेलं.

बायकोनं तपासायला घेतलं. बाईंना नीट तोंडही उघडवेना. “सगळा डावा जबडाच ठणकतोय, नेमकं कुठे ते सांगता येत नाही,” त्या म्हणाल्या. बायकोनं आरशानं पाहिलं. खाली जुनी चांदी भरलेली एक मोठी दाढ होती, तिच्या शेजारी एक शंकास्पद.

“या दोघींपैकीच एक दिसतेय. फोटो काढू, म्हणजे कळेल. पण पट्टी तोंडात धरायलाही तुम्हाला दुखणार, म्हणून आधी भूल देते. चालेल ना?” मग मान न वळवता तिनं मला विचारलं, “लॅपटॉप सुरू आहे ना?”

“सुरू आहे, डॉक्टर,” मी म्हणालो.

आता यात खोटं काय होतं? लॅपटॉप सुरूच होता. घरघरत होता. त्याच्या आयुष्यात इतका सुरू तो कधी नसेल.

तिनं इंजेक्शन दिलं. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की मनगटावर चार नखं उमटली. मग बायकोनं ट्रॉली स्वतःकडे ओढली आणि तिला निळा पडदा दिसला. चौतीस टक्के.

ती ओरडली नाही. माझी बायको रागावली की तिचा आवाज अधिकाधिक मऊ होत जातो. घरी ती मला ‘अहो’ म्हणते. त्या वेळी ती म्हणाली, “सर, हे काय आहे?”

“होतच आलंय,” मी म्हणालो.

“सॉफ्टवेअरवाल्याला फोन लावून येते. तुम्ही बाईंजवळ थांबा आणि कशालाही हात लावू नका.” बाईंच्या खांद्यावर हात ठेवून ती त्यांना म्हणाली, “दोन मिनिटं हं, भूल चढू दे.” आणि ती बाहेर गेली.

खोलीत आम्ही तिघं उरलो: बाई, मी आणि चौतीस टक्के. बाईंची भूल झपाट्यानं चढत होती. ओठाची डावी बाजू खाली लोंबायला लागली होती आणि जीभ ऐकेनाशी झाली होती.

“खिथी झालं?” त्यांनी विचारलं.

“पस्तीस, बाई.”

बाईंनी पडद्याकडे पाहिलं. इतक्या वेदनेतही त्यांच्यातली शिक्षिका जागी झाली. “खाठावल फास,” त्या म्हणाल्या.

काठावर पास. मी हसलो. अकरा वर्षांत बाईंनी माझ्यासमोर केलेला हा पहिला विनोद होता, आणि तो करायला त्यांना अर्धं तोंड बधिर करून घ्यावं लागलं. पण पास झालेला तो लॅपटॉप पुढच्या इयत्तेत जायला काही तयार नव्हता. पस्तीसवर बसला तो बसलाच. ठिपके फिरत होते. बाहेरून बायकोचा मऊ आवाज येत होता: “हो, पण मी नाही केलं ते. माझ्या यजमानांनी केलं.”

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. मी लॅपटॉपच्या आणखी जवळ गेलो आणि त्याच्याकडे एकाग्रतेनं बघू लागलो. वर्गातल्या मठ्ठ मुलाकडे असं बघितलं की तो कधी कधी उत्तर देतो. तेवढ्यात मागून बाई स्पष्ट, हुकमी सुरात म्हणाल्या, “वंध खरू न् आखा!”

मी वळून बघितलं. त्यांनी बोट पडद्याकडे रोखलं होतं.

“बंद करून टाका?” मी विचारलं.

त्यांनी जोरजोरात हात हलवला आणि पुन्हा तेच म्हणाल्या. आता मला सांगा, मोठ्या बाईंनी एखादी गोष्ट दोनदा सांगितल्यावर ती न करणारा शिक्षक आमच्या शाळेत आहे का? मी बटण दाबलं आणि दाबून धरलं. पडदा काळा झाला, घरघर थांबली, आणि खोलीत एक विलक्षण शांतता पसरली.

त्या शांततेत माझ्या लक्षात आलं की बाई मला हुकूम करत नव्हत्या. त्या पडद्यावरची अक्षरं मला वाचून दाखवत होत्या. ‘बंद करू नका.’

बाईंनी कपाळावर हात मारला. मी बटण पुन्हा दाबलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर ओळ आली: ‘बदल पूर्ण होऊ शकले नाहीत. पूर्ववत करत आहोत.’ आणि ठिपके फिरायला लागले, या खेपेला उलटे फिरल्यासारखे वाटले, पण तो माझ्या मनाचा खेळ असेल.

“बाई, माफ करा,” मी म्हणालो. “पाणी देऊ का?”

बाईंनी मान हलवली. त्यांचा चेहरा पुन्हा वेदनेनं आक्रसला होता. त्यांनी बोट छताकडे केलं. “वल,” त्या म्हणाल्या. “वल!”

वर. हे मला लगेच समजलं. इतका वेळ आडवं पडून माणूस अवघडणारच. खुर्चीच्या पायाशी एक पेडल असतं, ते दाबलं की खुर्ची उचलली जाते. हात लावू नका असं मला सांगितलं होतं, पायाविषयी काही बोलणं झालं नव्हतं. मी पेडल दाबलं. खुर्ची गुणगुणत थोडी वर गेली.

“ठीक आहे, बाई?”

“वल!” त्या म्हणाल्या, आणि बोट आणखी जोरात हलवलं.

मी आणखी वर नेली. बाईंनी डोळे विस्फारले आणि मान डावी-उजवीकडे हलवली. “वल थुखथंय!” मला वाटलं, अजून थोडं. बाई नेहमीच कुठल्याही कामात अगदी परिपूर्णता मागतात. मी पेडलवर पाय ठेवून उभा राहिलो. खुर्ची गेली, गेली, आणि जिथपर्यंत जाऊ शकते तिथपर्यंत जाऊन थांबली. बाईंचं नाक त्या मोठ्या दिव्याच्या काचेपासून वीतभर अंतरावर होतं आणि त्यांची चप्पल माझ्या खांद्याच्या पातळीला आली होती.

अशा वेळी बायको आत आली. तिनं वर बघितलं. मग काळ्या-निळ्या पडद्याकडे बघितलं. मग माझ्या पायाकडे.

“सर,” ती इतक्या मऊ आवाजात म्हणाली की मला तिचे ओठ बघावे लागले, “बाई इतक्या उंच का आहेत?”

“त्यांनीच सांगितलं. वर, वर म्हणत होत्या.”

“वल!” बाई दिव्याखालून कळवळून म्हणाल्या.

बायकोनं मला बाजूला सारून खुर्ची खाली घेतली. बाईंच्या चेहऱ्याजवळ वाकून तिनं विचारलं, “बाई, ओठ बधिर झालाय ना?” बाईंनी मान डोलावली. “जीभ? तीही? आणि दुखणं? कमी झालंय का?”

बाईंनी नाही म्हणून मान हलवली, आणि डोळ्यांतून पाणी काढत गालाच्या वरच्या बाजूला बोट टेकवलं.

“वर,” बायको स्वतःशीच म्हणाली. तिनं आरसा घेतला आणि या वेळी वरच्या बाजूला, अगदी मागे, बराच वेळ पाहिलं. मग ती सरळ उभी राहिली. आता तिचा आवाज नेहमीसारखा झाला होता.

“खालचं सगळं बधिर आहे आणि तरी ठणकतंय, म्हणजे दुखणं खालचं नाहीच. वरच्या शेवटच्या दाढेला मागून भोक पडलंय. वरचं दुखणं कधी कधी खाली जाणवतं. बाई, तुम्ही मघापासून हेच सांगत होतात का?”

बाईंनी डोळे मिटून मान डोलावली. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पुढचं सगळं भराभर झालं. बायकोनं वर भूल दिली, दाढ उघडून आतला दाब मोकळा केला आणि औषधाचा बोळा भरला. मी सक्शनची नळी धरली आणि कशाचाही अर्थ लावला नाही. थोड्या वेळानं बाईंच्या आवळलेल्या मुठी सैल झाल्या. त्यांनी एवढा मोठा श्वास सोडला की ट्रॉलीवरचा कापूस हलला.

“फोटोशिवाय आज एवढंच,” बायको म्हणाली. “उरलेलं सोमवारी संध्याकाळी.”

बाईंचं तोंड धुऊन होईपर्यंत तिनं मला मागच्या चिंचोळ्या जागेत बोलावलं. “एक सांगते. फोटो वेळेवर मिळाला असता तर मला त्या जुन्या चांदीखालची किडीसारखी सावली दिसली असती आणि मी खालचीच दाढ उघडली असती. थांबावं लागलं म्हणून कळलं.”

माझी छाती आपोआप भरून आली. “म्हणजे एका अर्थी माझ्या अपडेटमुळे...”

“वाक्य पूर्ण करू नका, सर.”

मी केलं नाही.

बाईंना सोडायला मी फाटकापर्यंत गेलो. आता त्यांचं वरचं आणि खालचं दोन्ही बधिर होतं. अर्धा चेहरा हसत होता आणि अर्ध्याला त्याचा पत्ता नव्हता. पायऱ्या उतरताना त्यांनी माझा दंड धरला. फाटकाशी थांबून त्या माझ्याकडे वळल्या आणि एक लांबलचक वाक्य बोलल्या. त्यातलं एक अक्षर मला कळलं नाही. शेवटी सूर प्रश्नाचा होता, एवढं मात्र समजलं. बहुधा आभाराचं काही असावं.

“हो, बाई,” मी म्हणालो.

त्यांनी भुवया उंचावल्या आणि तेच वाक्य पुन्हा एकदा, सावकाश म्हटलं.

“नक्की, बाई,” मी आणखी आपुलकीनं म्हणालो. “अगदी माझ्यावर सोपवा.”

त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग गालाला रुमाल लावून निघाल्या. लॅपटॉप संध्याकाळी आपोआप शुद्धीवर आला आणि जणू काही घडलंच नाही अशा थाटात फोटो दाखवू लागला. मी त्याच्या खोलीत जायचं नाही, हा निर्णय तोवर घरात झालेला होता.

सोमवारी पहिल्या तासाला बाईंनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं. गालाची सूज उतरली होती, शब्द स्वच्छ येत होते. समोरची खुर्ची दाखवून त्या म्हणाल्या, “डॉक्टरांना माझा नमस्कार सांगा. दोन रात्री शांत झोपले. त्यांचे उपकार आहेत.”

“हो, बाई.”

“पण सर, तुमच्याविषयी मला काळजी वाटतेय. परवा फाटकाशी मी तुम्हाला विचारलं, की पुन्हा कधी न विचारता दुसऱ्याच्या लॅपटॉपला हात लावाल का? तुम्ही म्हणालात, हो. मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. म्हणून पुन्हा विचारलं. तर तुम्ही म्हणालात, नक्की, माझ्यावर सोपवा.”

मी खुर्चीतल्या खुर्चीत लहान झालो. “बाई, खरं सांगू का? तुम्ही काय विचारलंत ते मला कळलंच नव्हतं.”

बाईंनी चष्मा काढला. “म्हणजे मी काय बोलते ते न कळताच तुम्ही मला हो म्हणता?”

“हो, बाई,” मी म्हणालो.