खोट्यातले रुमाव सर

रुमाव सरांच्या घरी खरा फ्रिज आला, त्याआधी दीड महिना त्यांच्या स्वयंपाकघरात पुठ्ठ्याचा फ्रिज उभा होता. अगदी मापात, उघडणाऱ्या दारासकट, वजनाला आत विटा. तो जिन्यावरून चढवताना दुसरं टोक मी धरलं होतं, म्हणून सांगते. दार उघडलं की त्यांच्या बायकोच्या, लुसी आंटींच्या कोपराला लागतं, हे सरांनी त्या दीड महिन्यात शोधून काढलं. मग दुसऱ्या बाजूला उघडणारा फ्रिज आला.

“आधी खोट्यात बघू,” हे सरांचं ठरलेलं वाक्य. बोळिंजच्या आमच्या कॉम्प्लेक्समध्ये त्यांचं नावच पडलं, खोट्यातले सर.

सोसायटीला पाण्याचा मोठा पंप घ्यायचा होता, तेव्हा सर सभेत उठले. “आधी खोट्यात बघू.” चेअरमन म्हणाले, “सर, पंप घ्यायचाय, चंद्रावर जायचं नाहीये.” तरी रविवारी सकाळी सरांनी सगळ्यांना आपापल्या नळापाशी उभं केलं. नळ उघडायचा नाही, नेहमी जेव्हा उघडतो तेव्हा खिडकीतून फक्त “चालू!” ओरडायचं. सर खाली खुर्ची टाकून टिपत बसले. शेजारच्या इमारतीतले लोक गॅलरीत जमले. तासाभराने सर म्हणाले, “पंप पुरेसा आहे. पाइप अरुंद आहे.” पण चेअरमननी ऑर्डर आधीच दिली होती. नवा पंप आला, वाजतगाजत पूजा झाली आणि चौथ्या मजल्यावर आजही पाणी चढत नाही.

सरांचं पोट याच कामावर चालायचं. ते एका इंजिनीअरिंग कॉलेजात शिकवायचे आणि तिथेच त्यांचं छोटं संशोधन केंद्र होतं. सैन्याने एखादं वाहन, एखादा तरंगता पूल विकत घेण्याआधी ते संगणकावरच्या खोट्या नदीत, खोट्या गोळीबारात चालवून बघायचं. यासाठी सरकारी अनुदान मिळायचं. त्यावर सर आणि दोन तरुण संशोधक जगत होते.

मला हे पटायचं नाही. आमच्या घरात चळवळीची पत्रकं छापून, वाटून माणसं मोठी झाली. मी सरांना तोंडावर विचारायची, “दवाखान्यात एका खाटेवर दोन बाळंतिणी झोपतात आणि तुम्ही खोट्या लढाया खेळता?”

सर चिडायचे नाहीत. “हा पैसा खाटांना गेला नसता गं. न तपासलेल्या आणखी एका गाडीला गेला असता. मागणारा दिल्लीत, बनवणारा कारखान्यात आणि आत बसणारा बर्फात. आत बसणाऱ्याला कोण विचारतं?”

“मग गाडीच घेऊ नका.”

“ते पत्रक तू लिही. तोवर माझी गाडी बुडू नये, एवढं मी बघतो.”

यंदा अनुदानाची मुदत संपली. ते पुन्हा मिळालं नाही तर केंद्र बंद होणार होतं. सर माझ्याकडे आले. “तुला एका पानात आग लावता येते. माझं म्हणणं एका पानात बसवून दे.” मी कुरकुरत लिहून दिलं. सरांनी वाचलं आणि हळूच म्हणाले, “‘धिक्कार असो’ काढूया का? पैसे मागतोय आपण.”

दिल्लीची बैठक व्हिडिओवर झाली, सरांच्या हॉलमध्येच. मी आणि लुसी आंटी कॅमेऱ्याच्या बाहेर, सोफ्यावर. पडद्यावर नदी होती, तरंगता पूल होता आणि सैनिक म्हणून हिरवे ठिपके. ठिपके पूल ओलांडून गेले, काही पाण्यात पडले, आकडे आले. सगळे खूश झाले. मग एक अधिकारी म्हणाले, “रुमाव साहब, बढ़िया है, पर इतना धीमा क्यों?”

धीमा होता, कारण प्रत्येक फेरी संपली की सरांचे ठिपके पुसले जात नव्हते. ते एकेक करून चालत सुरुवातीच्या जागी परत येत होते. पाण्यात पडलेलेसुद्धा. उठून, काठाकाठाने.

“ये वापसी किसलिए?”

सर म्हणाले, “वापस तो लाना पड़ेगा ना, साहब.”

तिकडे हशा पिकला. मग अधिकारी समजुतीने म्हणाले, “निकाल दीजिए. एक रात में हज़ार बार चलना चाहिए. हम फ़ाइल आगे बढ़ा देंगे.”

कॉल संपल्यावर आंटी म्हणाल्या, “अहो, काढा ना तेवढं. त्या दोन पोरांचे पगार आहेत.”

“मुलांना मी दुसरीकडे लावून देतो,” सर म्हणाले. दिलंही. वापसी मात्र काढली नाही.

अनुदान गेलं. केंद्राच्या खोलीत आता कॉलेजच्या जुन्या खुर्च्या ठेवल्यात. मला हवं होतं तेच झालं होतं आणि मला कुणाला एक शब्द सांगावासा वाटला नाही. त्या पैशातली एकही खाट कुठल्या दवाखान्यात पोहोचल्याचं मी अजून ऐकलेलं नाही. कुठलीतरी गाडी न तपासता घेतली जात असेल, एवढंच.

परवा रविवारी दुपारी त्यांच्याकडे गेले. चर्चमधून येताना आंटींनी पाचूबंदरवरून मासे आणले होते, कालवण उकळत होतं. सर जेवणाच्या टेबलावर जुना लॅपटॉप उघडून बसले होते. पडद्यावर तीच नदी. कुणी मागितलेली नाही, कुणाला दाखवायची नाही.

“सर, आता कशाला?”

त्यांनी चष्मा काढला, पुसला. “नोकरीभर माणसं पाठवत आलो गं. खोटी का होईना. एक बटण दाबून पुसायचं म्हटलं की हात होत नाही.”

आतून आंटींची हाक आली, “वाढू का?”

“थांब जरा,” सर पडद्यावरून नजर न काढता म्हणाले. “एक जण यायचाय अजून.”

आंटींनी गॅस बारीक केला.