पाच छेद आठ आई

वाटीत चमचा खणकन आपटला आणि सकाळची शांतता मोडली. चार वर्षांच्या चिमणीचं दूध संपलं होतं. आई तेव्हा पाळणाघराच्या अर्जातला शेवटचा रकाना भरत होती : आईच्या कामाचा वाटा. चष्म्यांच्या कारखान्यात ती काचा घासायची, आठ तासांच्या पाळीतले पाच तास. काचांच्या नंबरांची सवय, म्हणून तिने लिहिलं ०.६२५.

चिमणीला आजवर जाऊबाई सांभाळायच्या. पण येत्या महिन्यापासून त्याही नोकरीला लागणार होत्या. पाळणाघरात जागा मिळाली नाही, तर काचा सोडून घरी बसणं आलं. नियम साधा होता. आईचं काम निम्म्याहून जास्त हवं, आणि ते अतिसंक्षिप्त अपूर्णांकात दाखवलेलं हवं.

पाळणाघराच्या कचेरीतल्या कारकुनाने टिंबावर बोट ठेवलं. हे झेरॉक्समध्ये उडालं, तर बाई सहाशे पंचवीस पट काम करतात असं होईल, आणि उत्तर त्याला द्यावं लागेल. आईने तिथल्या तिथे ५/८ लिहून दिलं. तो दचकलाच.

"एकदम पाच छेद आठ? पायऱ्या कुठायत?"

"मनात केल्या."

"मनाची नोंद आमच्याकडे नसते, ताई."

तेव्हा ६२५ छेद १००० पासून सुरुवात झाली. याला पाचाने तीनदा भागायचं. पण एका खिडकीला एकदाच भागण्याचा अधिकार, आणि भागलेला आकडा रात्रभर फायलीत मुरल्याशिवाय पुढे सरकत नसे. दुसऱ्या दिवशी १२५ छेद २०० झाले. तिसऱ्या दिवशीच्या बाईंनी जीव ओतून २५ छेद ४० केले आणि घामही पुसला. चौथ्या दिवशी पाच छेद आठ हाती आले, म्हणजे जे पहिल्या दिवशी होते तेच, फक्त शिक्क्यांसकट. कचेरी उघडायची नेमकी आईच्या पाळीला, आणि मूल समक्ष हजर हवं ही अट. त्यामुळे चारही दिवस आईची रजा आणि चिमणीचे बाकावरून लोंबणारे पाय.

महिना उलटला. मोठ्या साहेबांनी निर्दोष संक्षेपाबद्दल आईचं अभिनंदन केलं, मग सरल्या महिन्याची हजेरी मागवली. शंभर तासांतले वीस गेलेले. म्हणजे महिन्याच्या पाळ्यांच्या एकशेसाठ तासांत ऐंशी.

"बरोब्बर निम्मं," साहेब हळहळले. "निम्म्याहून जास्त हवं होतं."

"साहेब, ते चार दिवस मी इथंच होते. तुमच्याच बाकावर."

"म्हणजे कामावर नव्हता. कामावर नव्हता म्हणजे घरी होता. तक्त्यात दोनच रकाने आहेत, बाई. निम्मा वेळ आई घरी असताना लेकराला परक्यांकडे टाकायचं, शोभतं का?" मग आवाज मऊ करून त्यांनी फेरविचाराचा कागद पुढे सरकवला. "आता पाच छेद दहा. एकदाच भागायचं. बघा, काम किती सोपं झालं."

मागे रांगेत उभ्या असलेल्या भल्या माणसांनी माना डोलावल्या. आईच्या जातीला घर सोडवत नाही म्हणतात ते काही खोटं नाही, असं एक जण पुटपुटलाही.

चिमणीने आईचा पदर ओढला.

"आई, आपण घरी होतो म्हणे. काय खेळलो गं आपण?"