जर्मलचा टोप

धर्मातात्या कुणाच्याही घरी गेले की पाणी पिण्याआधी भांड्यात अंगठा फिरवून बघत. एकदा भर पंगतीत त्यांनी वाढप्याच्या हातातल्या गरम आमटीच्या बादलीत अंगठा घातला. चांगलाच भाजला, तरी ओरडले काय, तर "ओरबाडलीय रे आतून! कुणी बनवली ही?"

गोष्ट शहापुरात आमच्या आळीत वीज यायच्या आधीची. माझं शिवणकामाचं दुकान, शेजारी तात्यांचा कारखाना. कारखाना म्हणजे एक पडवी, लाकडी साचा आणि तो फिरवणारं मोठं चाक. बायको गेल्यापासून चाक फिरवायची त्यांची एकुलती एक लेक, सुंदर. फिरत्या साच्यावर अ‍ॅल्युमिनियमची चकती लोखंडी दांड्यानं दाबत न्यायची, की तिचा टोप होतो. आमच्याकडे या धातूला जर्मल म्हणतात आणि गरिबाचा समजतात. तात्यांच्या लेखी तो भलताच मानी. "जास्त रेटलं तर लोखंडालाच चिकटतो, आन् तो चिकटलेला कण पुढच्या भांड्याला बोचकारतो." म्हणून दर टोपामागे ते दांड्याचं टोक घासून लख्ख करत आणि चकतीला मोहाच्या बियांचं तेल चोळत.

कल्याणचा एक व्यापारी म्हणाला, "इंजिनाचं काळं तेल लावा, दुप्पट माल काढा." तात्यांनी त्याला चहा पाजला आणि वाटेला लावलं. "घाईचं भांडं आन् रागाचं बोलणं, दोन्ही ओरबाडतात," हे त्यांचं ब्रीद. रागाचं मात्र ते रोज बोलत.

सुंदरचं लग्न मुरबाडकडच्या घरात ठरलं. लेकीला पितळेची भांडी द्यायची, ही रीत. तात्यांनी मांडवात मांडला स्वतः घडवलेला जर्मलचा टोप. नवऱ्याचा मामा उसळला, "पोरीला जर्मल? पितळ नाय, तर आमी वऱ्हाड परत नेतो!"

मी हळूच म्हटलं, "तात्या, कुणाचा तरी पितळेचा आणू या का?"

"का म्हणून? जे घडवताना माझी पोर चाकावर राबली, तेच तिच्यासंगं जाईल. न्या वऱ्हाड, न्यायचं तर!"

सुंदर मान खाली घालून रडत होती. मग नवऱ्याची आई उठली. तिनं टोप दोन्ही हातांनी उचलला, चुलीवरून उतरवतात तसा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"पितळेचे टोप उतरवून माझी मनगटं गेली," ती भावाला म्हणाली. "सून तरी सुटू दे. तू गप बस."

लग्न लागलं, वऱ्हाड गेलं. तात्या चाकापाशी एकटेच बसले होते. मी धीर करून म्हटलं, "तात्या, टोपात तळाशी एक ओरखडा राहिलाय." वाटलं, आता माझी सालटी काढणार.

"राहिला नाय, ठेवलाय." आवाज नेहमीसारखाच चढा होता. "कामाशिवाय सुनेला माहेरी कोण धाडतंय? ओरखडा काढायला तरी धाडतील." मग तोंड फिरवून खेकसले, "आन् जावयाला बजावलंय, टोप तू आणायचा नाय. तिलाच धाड."