आधी गाडी, मग बाबा

ज्या बाईला कोट शिवता येतो, तिला जगातली कुठलीही वस्तू दुरुस्त करता येते, असं माझं ठाम मत होतं. अजूनही आहे, फक्त आता मी ते गल्लीत मोठ्याने बोलत नाही. तुम्हीच विचार करा! कोट म्हणजे काय? वरून कापड, आतून अस्तर, मध्ये कॅनव्हास, आणि हे सगळं धरून ठेवणारे टाके. मग गाडी तरी काय वेगळी? वरून पत्रा, आत गाद्या, मध्ये इंजिन. उसवायचं, साफ करायचं, पुन्हा बसवायचं! हे मी आमच्या ह्यांना व्यवस्थित समजावून सांगितलं. ते म्हणाले, "कोट उतारावरून घरंगळत नाही." मी लक्ष दिलं नाही.

गाडी माझ्या वडिलांची. अमेरिकन, जुनी, आणि लांबीला एवढी की पुढचा बंपर घरी पोचला तरी मागचा अजून कोपऱ्यावरच असायचा. मागे दोन पंख, पुढे चमचम करणारी जाळी, आणि सीट अशी की आई तिला पलंगच म्हणायची. बाबांनी ती बाहेर देशातल्या कुणा साहेबाकडून जुनीच घेतली होती. आम्ही भावंडं तिच्यात भांडलो, झोपलो, ओकलो. मग ती एकदा बंद पडली आणि शेडमध्ये ताडपत्रीखाली गेली.

आई गेल्यावर बाबांनी घर विकलं आणि आमच्याकडे राहायला आले. सामान टेम्पोतून आलं, गाडी क्रेनला लटकून आली. गाडी आमच्या तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये गेली. बाबा जिना चढून वरच्या खोलीत गेले, आणि त्यानंतर खाली उतरलेच नाहीत.

जेवण वर, पेपर वर, दाढी-कटिंग वर. गल्लीतला सलूनवाला पिशवी घेऊन जिना चढायचा. डॉक्टरही वरच आले. गुडघे वाकवून पाहिले, ठोकून पाहिले, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाय ठणठणीत आहेत हो. त्यांना कुठे जायचंच नाहीये." आता यावर औषध काय आणायचं?

मी रोज मागे लागायची. "बाबा, चला ना, कोपऱ्यापर्यंत जाऊन येऊ."

"कोपऱ्यावर काय आहे?"

"काही नाही. कोपरा आहे!"

"मग तो तिथेच राहील. तू जा."

खिडकीसुद्धा बंद. माणूस डोळ्यांसमोर बसलेला असतो आणि रोज थोडाथोडा कमी होत जातो, हे बघणं फार वाईट. मला भीती वाटायची. खरं सांगते, मशीनवर बसले की हात चालायचे आणि कान वरच्या खोलीकडे असायचे.

एकदा मी जरा जास्तच डोकं खाल्लं. तेव्हा ते वैतागून म्हणाले, "ठमे, खाली ती गाडी इतकी वर्षं झोपून आहे. तिला कुणी चल चल म्हणतं का? आधी तिला उठव. मग मला उठव!"

त्यांनी ते माझं तोंड बंद करण्यासाठी म्हटलं होतं. मी ते ऑर्डर म्हणून घेतलं!

इंजिन आणि ब्रेकचं काम एका मेकॅनिककडे दिलं. त्याचं खरं नाव कुणालाच आठवत नाही. सगळी गल्ली त्याला 'उद्या' म्हणते, कारण दुसरा शब्द त्याच्या तोंडातून आम्ही ऐकलेला नाही. पण हाताला गुण आहे. यायचा तेव्हा मन लावून काम करायचा, आणि इंजिनाशी माझ्याशी बोलतो त्यापेक्षा गोड बोलायचा.

बाकीचं काम माझं. गाद्या मी अशा शिवल्या की काय सांगू! कडेला पायपिंग, मध्ये बटणं, कोपऱ्याला दुहेरी शिलाई. त्या गाद्या बघून एक गिऱ्हाईक स्वतःच्या कोटाचं माप द्यायला आलेलं विसरून सोफ्याची चौकशी करून गेलं.

मग उरल्या वायरी. त्या उंदरांनी कधीच संपवल्या होत्या. मी ठरवलं, सगळ्या नव्या टाकायच्या. दुकानात लाल, पिवळ्या, निळ्या, हिरव्या, सगळ्या रंगांच्या वायरी होत्या. मी एकच मोठं भेंडोळं घेतलं. काळं. दुकानदार म्हणाला, "ताई, वेगवेगळे रंग घ्या, बरं पडतं." पण तीस वर्षं गिऱ्हाइकांना कापड निवडून देणारी बाई मी! काळा रंग सगळ्यावर जातो, हे मी त्यालाच ऐकवून आले.

आणि मी काही अगदीच वेडी नव्हते. प्रत्येक वायरीच्या दोन्ही टोकांना मी रंगीत धागा बांधला. हॉर्नला लाल, दिव्यांना पिवळा, वायपरला निळा, ब्रेकच्या लाइटला हिरवा. मापाचे तुकडे मी असेच ओळखते, आजवर एकाची बाही दुसऱ्याच्या कोटाला गेलेली नाही. सगळे धागे बांधून झाले आणि मी एका गिऱ्हाइकाची ट्रायल घ्यायला वर गेले.

आता आमच्या ह्यांच्याबद्दल सांगायला हवं. हे जन्मभर हॉस्पिटलमध्ये होते, ऑपरेशनची हत्यारं धुवून, उकळून, मोजून ठेवण्याच्या कामावर. रिटायर झाले आणि उकळायला काही उरलं नाही. महिनाभर घरातले चमचे उकळले. मग गाडी आली, आणि माणसाच्या चेहऱ्यावर तेज आलं! गाडीचा प्रत्येक नट त्यांनी दात घासायच्या ब्रशने घासला. गॅरेजमध्ये हातमोजे घालून जायचे. मला बरंच वाटायचं.

मी ट्रायल आटपून खाली आले, तर गॅरेज आरशासारखं लख्ख. हे दारात उभे, छाती पुढे.

"अहो, इथे वायरींना धागे होते."

"होते. काढले!"

"सगळे?"

"एकही आत राहू दिला नाही. ऑपरेशनमध्ये एक धागा आत राहिला तर पेशंट जातो, माहीत आहे?"

मला खाली बसावंसं वाटलं, म्हणून मी माझ्याच शिवलेल्या गादीवर बसले. ओरडणार होते. पण त्यांच्या हातात ती छोटी कात्री होती, आणि एका वाटीत सगळे धागे नीट गोळा करून ठेवलेले होते. ह्यांच्यावर मनापासून ओरडणं मला कधीच जमलेलं नाही. मी फक्त सांगितलं की त्या खुणा होत्या. त्यांचा चेहरा एवढासा झाला.

"मी परत बांधू का?"

"कुठला कशाला होता, आहे लक्षात?"

"तेवढं तू सांग ना."

शेवटी मी वायरी अंदाजानेच जोडल्या. नजरेने माप घेणारी बाई मी, घाबरते कशाला? लांब वायरी मागच्या, आखूड पुढच्या. पण स्टिअरिंगच्या खाली सगळी टोकं एकत्र येतात, आणि तिथे होता नुसता काळा गुच्छ. तपासून बघायला बॅटरी नव्हती. ती उद्या आणणार होता, म्हणजे 'उद्या' उद्या आणणार होता.

आणि एका रविवारी सकाळी तो खरोखर घेऊन आला! मी धावत वर गेले. "बाबा! गाडी आज उठतेय!"

त्यांनी पेपरचं पान उलटलं. "उठली की सांग."

"खाली या ना, तुमच्या हाताने चावी फिरवा."

"डोकं दुखतंय माझं. आवाज करू नका."

मी जिना उतरले. गाडी सुरू झाली नाही तर त्यांना कायमचं कारण मिळणार होतं. सुरू होऊनही ते आले नाहीत तर? मग माझ्याकडे काय उरणार होतं?

आम्ही तिघांनी गाडी ढकलून गल्लीत काढली. आमच्या दारापुढे जरा सपाट आहे, पुढे सगळी गल्ली उताराची. उताराच्या टोकाला सलून, आणि सलूनला समोर अख्खी काच. उद्या म्हणाला, "ताई, हँडब्रेकची केबल राहिलीय. ती उद्या लावतो. तोवर पायाखाली ब्रेक आहे ना!"

मी चावी फिरवली. इंजिन खोकलं, घरघरलं, आणि सुरू झालं! तोच आवाज! शाळा सुटल्यावर फाटकाशी यायचा तो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी मान बाहेर काढून वर पाहिलं. खिडकी बंद. तेवढ्यात गाडी हळूच पुढे सरकली, आणि मी ब्रेक दाबला.

भोंऽऽऽऽऽ!

हा साधा हॉर्न नव्हे. अमेरिकन हॉर्न! बंदर सोडताना जहाज देतं तसा. मी दचकून पाय काढला. हॉर्न बंद झाला, पण गाडी निघाली. दाबला, गाडी थांबली, पण भोंऽऽऽ! सोडला, निघाली. दाबला, भोंऽऽऽ! अशी आमची वरात टप्प्याटप्प्याने सलूनच्या काचेकडे उतरू लागली.

घाबरून मी चावी काढली. इंजिन बंद पडलं, हॉर्नला काही फरक नाही! मग मी हाताला लागेल ते बटण ओढत सुटले. दिव्यांचं बटण ओढलं तर वायपर चालू, वायपरचं ओढलं तर मागचा लाइट. खिडक्या भराभर उघडल्या. सलूनवाला हातात वस्तरा घेऊन बाहेर आला आणि त्याच्यामागे अर्ध्या गालाला साबण लावलेलं गिऱ्हाईक.

"ताई, माझी काच!"

"मला दिसतेय तुमची काच!"

उद्या दार उघडून डोकं खाली, पाय वर असा स्टिअरिंगखाली घुसला. "ताई, हॉर्नची वायर कुठली?"

"काळी!"

"अहो, सगळ्याच काळ्या आहेत!"

"अहो!" मी ह्यांना हाक मारली. "चाकाखाली दगड लावा! लवकर!"

हे पळत गेले. आले नाहीत. पाय भरून आला, लटलट कापायला लागला, तरी ह्यांचा पत्ता नाही. नंतर कळलं, वीट सापडली होती, पण तिला माती लागलेली होती. म्हणून ते नळाखाली धूत होते!

आणि त्या सगळ्या गोंगाटात मला मागून आवाज आला.

"ठमे! बंद कर तो हॉर्न!"

बाबा! घरच्या पायजम्यात, अनवाणी, चष्मा कपाळावर, रागाने लालबुंद. भर रस्त्यात! लोक आपोआप बाजूला झाले.

"बंद होत नाहीये, बाबा!"

"पाय काढ!"

"पाय काढला की गाडी जाते!"

"मग गिअर टाक की, पहिला! इंजिन बंद आहे, गिअरमध्ये हलेल कशी ती? सरक तिकडे!"

त्यांनी उद्याला पाय धरून बाहेर ओढलं, मला शेजारच्या सीटवर ढकललं आणि स्वतः आत बसले. एक पाय क्लचवर, एक ब्रेकवर. हाताने न बघता गिअर टाकला. मग त्यांनी दोन्ही पाय उचलले.

शांत. गाडी जागच्या जागी. काच शाबूत. इतकं सोपं होतं, आणि आम्हा कुणाच्याही डोक्यात आलं नव्हतं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. हे धुतलेली वीट फडक्याने पुसत आले आणि चाकाखाली ठेवून गेले.

बाबा उतरले नाहीत. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. काचेवर वायपर फिरतच होते. मग त्यांनी मान वळवून मी बसले होते त्या आईच्या सीटकडे पाहिलं, माझ्याकडे नाही, सीटकडे.

"तिला हॉर्न वाजवलेला चालायचा नाही," ते म्हणाले. "माझा हात तिकडे गेला की मांडीवर चापट मारायची. म्हणायची, माणसं आहेत ती, बघून चालतील."

मी त्यांचा हात धरला. त्यांनी तो सोडवून घेतला नाही. आम्ही दोघं रडलो, वायपर चालू असताना, आणि लोक चांगले म्हणून सलूनमधल्या आरशात बघत बसले.

थोड्या वेळाने त्यांनी नाक पुसलं आणि समोर पाहिलं. "हा सलूनवाला इथे बसतो होय! एवढा चढ चढून येतो माझ्यासाठी?" मग ते उतरले, त्याच्या खुर्चीत जाऊन बसले आणि अर्ध्या गालाच्या गिऱ्हाइकाशी वाद घालत चहा प्यायले. सगळा वेळ अनवाणीच.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. गाडी सुरू झाली की बाबा बाहेर पडतील, असा माझा सगळा बेत होता. ते बाहेर पडले ती बंद करायला!

आता ते रोज सकाळी स्वतःहून खाली येतात, मला गाडीला हात लावू देत नाहीत, उद्याला दिवसभर झापतात आणि संध्याकाळी कोपऱ्यापर्यंत जाऊन येतात. पण अजूनही मधूनच एखादी दुपार अशी येते की खोलीचं दार बंद असतं, आतून पेपरचाही आवाज येत नाही आणि हाकेला ओ मिळत नाही. हॉर्नची वायर अजून ब्रेकलाच आहे. उद्या म्हणतो, उद्या बदलतो. मीही त्याला घाई करत नाही. तशी दुपार आली की मी मशीन थांबवते, गुपचूप खाली जाते आणि ब्रेकवर पाय ठेवते.